सरांना किती स्टार?

(विद्यार्थ्यांच्या दोन दिवसांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला होता 'उच्च शिक्षण : संधी आणि निवड'. त्याची टिपणं काढून मी आले होते. पण काल रात्री जेवताना तुमच्यापैकी एक मुलगी मोबाईल घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. तिला अमेरिकेत एम.एस.ला प्रवेश मिळाला आहे, येत्या ऑगस्टमध्ये ती जाईल. मोबाईलवर एका प्राध्यापकांचं पान उघडं होतं. विद्यार्थ्यांनी त्यांना पाचपैकी २.४ गुण दिले होते. ती म्हणाली, "मॅडम, या सरांचा कोर्स टाळू ना?" मी म्हटलं, "उद्या सांगते." तर टिपणं बाजूला ठेवते. आजचं भाषण म्हणजे तिला द्यायचं उत्तर आहे. तिच्या निमित्ताने तुम्हा सगळ्यांनाही, कारण परदेशी न जाताही हे काम आपण रोज करतो.

तिचा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. घरातलं कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नसतं, अब्बांनी कर्ज काढलेलं असतं, आणि एक विषय राहिला तर एक सत्र वाढतं, म्हणजे लाखो रुपये वाढतात. ज्याच्या घरात चार प्राध्यापक आहेत तो काकांना विचारेल. आपण कुणाला विचारायचं? म्हणून आपण अनोळखी माणसांना विचारतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तिकडची पद्धत आधी सांगते. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत एकच विषय बऱ्याचदा दोन-तीन प्राध्यापक वेगवेगळ्या वर्गांना शिकवतात. कुणाच्या वर्गात बसायचं हे नोंदणी करताना विद्यार्थी निवडतो. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरने विद्यार्थ्यांसाठी प्राध्यापकांना गुण देण्याची सोय इंटरनेटवर सुरू केली. तीच २००१ पासून 'रेट माय प्रोफेसर्स' या नावाने ओळखली जाते. नाव न देता विद्यार्थी लिहितो : शिकवणं कसं, पाचपैकी किती, विषय किती अवघड, पुन्हा यांचाच वर्ग घ्याल का. तिथे प्राध्यापक दिसायला आकर्षक आहेत का हे सांगण्यासाठी मिरचीचं एक चित्रही होतं. २०१८ पर्यंत होतं! महिला प्राध्यापकांनी आवाज उठवला तेव्हा ते काढलं. जिथे मिरची देता येत होती, तिथले बाकीचे गुण किती गंभीरपणे दिले गेले असतील, हा विचार मनात ठेवा.

आता माझी गोष्ट. मी संख्याशास्त्रात एम.एस. करायला गेले तेव्हा सिनियर मुलांनी पहिल्याच आठवड्यात हा मार्ग दाखवला. गणिती संख्याशास्त्राचा पहिला भाग दोघे जण शिकवत होते. एकांना ४.६ गुण. खाली लिहिलेलं, 'सोपा ए', 'गृहपाठ कमी', 'फार गोड माणूस'. दुसऱ्यांना २.३. 'उच्चार कळत नाहीत', 'पेपर भयंकर', 'टाळा'. या दुसऱ्या सरांच्या आडनावावरून ते आपल्याच उपखंडातले आहेत हे कळत होतं. माझी असिस्टंटशिप सरासरी ३.० च्या खाली गेली की बंद होणार होती. मी पाच मिनिटंसुद्धा विचार केला नाही. पहिल्या सरांचा वर्ग घेतला, ए मिळवला, घरी फोन करून सांगितलं.

पुढच्या सत्रात विषयाचा दुसरा भाग आला. तो शिकवायला एकच प्राध्यापक होते, ते २.३ वाले. पहिल्या तासाला मला दोन गोष्टी कळल्या. एक, त्यांचे उच्चार माझ्या मामूंसारखे होते आणि मला शब्दन् शब्द समजत होता. दोन, फळ्यावर जे चाललं होतं ते मला समजत नव्हतं. आधीच्या सत्रात जी मुलं त्यांच्याकडे होती ती आरामात पुढे जात होती. त्यांनी सिद्धता स्वतः लिहून लिहून हात बसवला होता. मी उत्तरं पाठ करून ए आणला होता. त्या सत्रात मी जेमतेम बी घेतला. रोज रात्री दोन सत्रांचा अभ्यास एकदम करत होते.

पण खरी शरम मला वेगळ्याच गोष्टीची वाटते. मी दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली मुलगी. माझ्या इंग्रजीला लोक हसले आहेत. आणि 'उच्चार कळत नाहीत' हे वाक्य वाचून मी लगेच विश्वास ठेवला. मला ते कळतील की नाही, हा प्रश्नसुद्धा मी स्वतःला विचारला नाही. लिहिणाऱ्याचे कान मी माझे म्हणून वापरले.

पुढच्या वर्षी मला टीचिंग असिस्टंट म्हणून पदवीच्या मुलांना शिकवायचं काम मिळालं. सत्र संपल्यावर विद्यापीठाने मुलांचे अभिप्राय हातात दिले. एकाने लिहिलं होतं, 'हिचं नाव उच्चारता येत नाही.' दोघा-तिघांनी इंग्रजीबद्दल लिहिलं होतं. मी रात्रभर रडले. पण त्याच गठ्ठ्यात एक चिठ्ठी होती : 'ती फळ्यावर लिहिते आणि त्याच्यासमोरच उभी राहते, त्यामुळे उजवीकडच्यांना काही दिसत नाही.' हे शंभर टक्के खरं होतं. मला कुणीही आजवर सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी बाजूला उभी राहायला शिकले, आजही राहते. म्हणजे एकाच गठ्ठ्यात विषही होतं आणि औषधही होतं. ते वेगळं कसं करायचं, एवढंच आज मला सांगायचं आहे.

हा माझ्या एकटीचा अनुभव असता तर मी तो इथे मांडला नसता. यावर अभ्यास झालेले आहेत. चारच सांगते.

पहिला उच्चारांचा. १९९२ मध्ये डोनाल्ड रुबिन या संशोधकाचा जॉर्जिया विद्यापीठातला प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एका व्याख्यानाची टेप ऐकवली. आवाज ओहायोत वाढलेल्या अमेरिकन बाईंचा. ऐकताना काहींना गोऱ्या बाईंचा फोटो दाखवला, काहींना आशियाई बाईंचा. टेप तीच. तरी आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना उच्चार परदेशी वाटले, आणि नंतर घेतलेल्या चाचणीत त्यांना व्याख्यान समजलंही कमी. माणूस डोळ्यांनीही ऐकतो, असा याचा अर्थ.

दुसरा स्त्री-पुरुषांचा. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात एक ऑनलाइन कोर्स होता, त्यात शिकवणाऱ्यांचा चेहरा दिसत नव्हता. एक पुरुष आणि एक स्त्री अशा दोन शिक्षकांनी एकेका गटाला स्वतःच्या नावाने शिकवलं आणि एकेका गटाला एकमेकांच्या नावाने. चारही गटांचा गृहपाठ एकाच वेळी तपासून परत दिला. 'काम वेळेवर परत मिळतं का' या प्रश्नाला मुलांनी पुरुषाच्या नावाला ४.३५ गुण दिले आणि स्त्रीच्या नावाला ३.५५. घड्याळ तेच, फक्त नाव बदललं. अभ्यास लहान होता, विद्यार्थी त्रेचाळीसच होते, हेही मी सांगितलं पाहिजे. संख्याशास्त्र शिकवते, तेवढं इमान ठेवायलाच हवं.

तिसरा थेट 'रेट माय प्रोफेसर्स'वरचा. २०१० मध्ये लँडन रीड यांनी पंचवीस महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांचे गुण तपासले. काळ्या आणि आशियाई प्राध्यापकांना गोऱ्यांपेक्षा कमी गुण पडलेले दिसले.

चौथा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो माझीच गोष्ट आहे. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत कुठला विद्यार्थी कुठल्या प्राध्यापकाकडे जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. सगळ्यांना पेपर सारखाच, आणि पुढचे विषयही सक्तीचे. कॅरेल आणि वेस्ट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या दहा हजारांवर विद्यार्थ्यांचे निकाल पाहिले. ज्यांच्या वर्गाला त्या सत्रात चांगले गुण पडले, त्या प्राध्यापकांना मुलांनीही चांगले गुण दिले. पण पुढच्या, वरच्या विषयात त्यांचीच मुलं मागे पडली. अनुभवी आणि कडक शिक्षकांची मुलं तेव्हा कुरकुरत होती, ती पुढे टिकली. गोड औषधाला लगेच शाबासकी मिळते. कडू औषधाचा गुण यायला वर्ष लागतं, तोवर अभिप्रायाचा फॉर्म भरून झालेला असतो.

म्हणूनच २०१८ मध्ये टोरोंटोच्या तेव्हाच्या रायरसन विद्यापीठातल्या वादात लवादाने निकाल दिला की प्राध्यापकांची बढती ठरवताना शिकवण्याचा दर्जा मोजायला विद्यार्थ्यांचे गुण वापरू नयेत. विद्यार्थ्यांना बोलू देऊ नका, असं लवाद म्हणाला नाही. वर्गातला अनुभव कसा होता हे विद्यार्थीच सांगू शकतात. आपण किती शिकलो, याचा निवाडा मात्र त्यांना त्या दिवशी करता येत नाही.

आता आपल्या गल्लीत येऊया. तुमच्यातले बरेच जण मनात म्हणत असतील, आमच्याकडे कुठे निवड आहे? टाइमटेबल लागतं, जे सर येतील ते आपले. खरं आहे. पण ऐच्छिक विषय निवडताना, प्रकल्पाला गाइड घेताना, क्लास लावताना, पीएच.डी.ला नाव नोंदवताना तुम्ही काय करता? सिनियरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारता. तोच आपला 'रेट माय प्रोफेसर्स'. फरक एवढाच की तिथे निदान लिहिलेलं राहतं, इथे हवेत राहतं.

माझ्या कॉलेजात एकदा आमच्या समाजातली एक मुलगी माझ्याकडे आली. प्रकल्पाच्या गाइड मॅडम बदलून द्या म्हणाली. "का?" "मॅडम, त्या आपल्या मुलींना मुद्दाम त्रास देतात. सगळे म्हणतात."

मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"सिनियर आपांनी."

"त्यांना त्या मॅडम होत्या का?"

"नाही. त्यांच्या रूममेटच्या बहिणीला होत्या बहुतेक."

"ती बहीण पास झाली का?"

ती गप्प झाली. तिला माहीत नव्हतं.

मी तिला म्हटलं, महिनाभर जा. तुला त्रास झाला तर तारीख घालून लिहून ठेव, मी स्वतः तुझ्याबरोबर येईन. ती गेली. मॅडमनी तिचा प्रकल्प दोनदा परत केला. सगळ्यांचाच दोनदा केला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या विभागप्रमुखांकडे एक मुलगा दुसरी तक्रार घेऊन गेला. त्यालाही गाइड बदलून हवी होती. त्याची गाइड मी होते. कारण? "त्या त्यांच्या लोकांना मार्क देतात. सगळे म्हणतात."

हसू नका. दोन्ही तक्रारी एकाच मापाच्या आहेत. तिसरंही एक वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित बोललाही असाल : 'ते सर कोट्यातले आहेत.' त्यांचा एक तासही न ऐकता. भाड्याने घर बघायला गेल्यावर आपलं नाव ऐकून 'खोली कालच गेली' असं जो म्हणतो, त्याच्यावर आपण चिडतो. तोही कुणाचं तरी ऐकलेलंच सांगत असतो. त्याच्याकडेही कुणीतरी लिहिलेला एक रिव्ह्यू असतो, आपल्या सगळ्या समाजाबद्दलचा. मग प्राध्यापकाचं आडनाव वाचून आपण तेच करतो, तेव्हा चिडण्याचा आपला हक्क कुठे उरतो?

आपल्या चळवळीत आपण सत्यशोधन हा शब्द वापरतो. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला, तिथपासून आलेला हा शब्द आहे. आणि मुसलमान घरात वाढलेल्यांना 'तहकीक' हा शब्द परका नाही. कुणी खबर घेऊन आलं तर आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचं नुकसान कराल आणि मग पस्तावाल, या अर्थाची ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. हदीस तपासणाऱ्या विद्वानांनी तर इस्नादचं शास्त्रच उभं केलं. हे कुणी सांगितलं, त्याने कुणाकडून ऐकलं, दोघं एका काळात होते का, सांगणाऱ्याची स्मरणशक्ती आणि सचोटी कशी होती. साखळीतली एक कडी कच्ची निघाली तर रिवायतच कमजोर ठरायची. हजार वर्षांपूर्वी ज्यांनी इतकी कडक तपासणी केली, त्यांचे आपण वारस म्हणवतो आणि रूममेटच्या बहिणीवर विश्वास ठेवून गाइड बदलतो!

मग रिव्ह्यू वाचायचेच नाहीत का? वाचायचे. साक्ष वाचतात तसे वाचायचे. कसे, ते सांगते.

आधी किती जणांनी आणि कधी लिहिलंय ते बघा. साठ जणांच्या वर्गातून चौघांनी लिहिलं असेल तर उरलेले छप्पन्न गप्प आहेत. बहुतेक वेळा फार खूश झालेला लिहितो किंवा फार चिडलेला. सहा वर्षांपूर्वीचा अभिप्राय आज त्या माणसाला लागू असेलच असं नाही.

मग सरासरीच्या पलीकडे बघा. एका सरांना पाच जणांनी ५, ५, ३, १, १ दिले. दुसऱ्यांना ३, ३, ३, ३, ३. दोघांची सरासरी तीनच. पण पहिल्या सरांच्या वर्गात काहीतरी घडतंय, कुणाला ते फार आवडतंय आणि कुणाला झेपत नाहीये. तुम्ही त्या दोघांतले कोण, हे सरासरी सांगणार नाही.

तिसरं, वाक्यातला निवाडा सोडा आणि माहिती घ्या. 'बेकार सर' हा निवाडा. 'दर आठवड्याला गृहपाठ असतो, उशीर झाला तर घेत नाहीत' ही माहिती. 'पेपर पुस्तकाबाहेरचा येतो', 'ऑफिसात गेलं तर वेळ देतात', 'पहिल्या पंधरा दिवसांत पायथॉन यावं लागतं' ही सगळी माहिती आहे आणि सोन्याच्या मोलाची आहे. एकच तक्रार तीन वेगवेगळ्या वर्षांतल्या तीन मुलांनी केली असेल तर ती गंभीरपणे घ्या.

चौथं, उच्चार, कपडे, चेहरा, नाव, धर्म, जात यांवर जे काही असेल ते सरळ वगळा. त्या ओळी शिकवणाऱ्याबद्दल काही सांगत नाहीत, लिहिणाऱ्याबद्दल सांगतात.

पाचवं, स्वतःला विचारा की या विषयावर पुढे माझं किती उभं राहणार आहे. एखादा विषय नुसता क्रेडिट भरायला घेतला असेल तर सोपे सर शोधलेत म्हणून मी रागावणार नाही. पण पायाचा विषय असेल तर 'अवघड' हा शब्द वाचून पळू नका, मी पळाले तशा.

आणि शेवटी स्वतः जा. अभ्यासक्रमाचा आराखडा मागवा. प्राध्यापकांना चार ओळींचा ईमेल लिहा. अमेरिकेत सत्राच्या सुरुवातीचे काही दिवस वर्ग बदलता येतो. दोन्ही वर्गांत बसा आणि आपल्या कानांनी ऐका.

आता लिहिण्याबद्दल. तुम्हीही कधीतरी अभिप्राय द्याल. तेव्हा ही ग्वाही आहे हे विसरू नका. जे पाहिलं तेच लिहा. फळ्यासमोर उभी राहते हे लिहा, नाव उच्चारता येत नाही हे लिहू नका. आणि चांगल्या शिक्षकाबद्दलही लिहा. आपण रागात असलो की लगेच लिहितो, शुक्रगुजार असलो की गप्प बसतो.

माझ्या प्राध्यापक मित्रांपैकी काहींना हे सगळंच आवडत नाही. मुलांनी आम्हाला गुण द्यायचे म्हणजे काय, म्हणतात. मला ते पटत नाही. आपल्याकडे अंतर्गत गुण शिक्षकाच्या हातात असतात. नाव घालून मूल खरं लिहील कसं? त्याला निनावीपणाचं संरक्षण हवंच. नॅकच्या मूल्यांकनात २०१७ पासून विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आलं, पण सर उभे राहून फॉर्म भरून घेत असतील तर त्याला अर्थ नाही. माझं म्हणणं असं की कॉलेजांनी प्रत्येक कोर्सचा आराखडा, गृहपाठ आणि परीक्षेची पद्धत सत्राआधी जाहीर करावी. अभिप्राय सत्राच्या मध्यावर घ्यावा, म्हणजे त्याच मुलांना फायदा होईल. माहिती उघड असली की कुजबुज आपोआप कमी होते. हे आपण निवेदन देऊन मागितलं पाहिजे.

आणि भेदभाव खरोखर झाला तर? तर ग्रुपवर कुजबुजू नका. यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी, आणि तिच्यावर दाद मागायला लोकपाल. तारीख, वेळ, शब्द लिहून तिथे जा. आम्ही तुमच्यासोबत येऊ.

१८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात सावित्रीबाई मुलींना शिकवायला जात होत्या. त्या शिक्षिकेबद्दल त्या काळच्या बहुसंख्य लोकांचं मत काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे. लोकांनी ते शेण आणि चिखल फेकून नोंदवलं होतं. तेव्हा स्टार मोजून शाळा निवडायची असती तर त्या वर्गात एकही मुलगी बसली नसती. पण काही आई-बापांनी लोक काय म्हणतात ते बाजूला ठेवून आपली मुलगी पाठवली. त्यामुळे आज मी इथे उभी आहे.

तर बेटा, काल तू विचारलंस त्याचं उत्तर. २.४ हा आकडा बाजूला ठेव. त्याखालच्या चौदा ओळी मी रात्री वाचल्या. नऊ उच्चारांबद्दल आणि स्वभावाबद्दल आहेत, त्या सोड. चार जणांनी लिहिलंय की गृहपाठ फार असतो. एकाने लिहिलंय की पुढच्या वर्षी नोकरीच्या मुलाखतीत याच वर्गात शिकलेलं कामी आलं. आता पहिल्या आठवड्यात जाऊन त्या वर्गात बस. नाही पटलं तर बदल, पण स्वतः ऐकून बदल. आणि सत्र संपलं की तुझं जे खरं असेल ते तिथे लिही. तुझ्यामागून येणारी कुणी मुलगी ते वाचणार आहे.